उत्तरेचं परस, पश्चिमेची खिडकी : नाशिकच्या एका रो-हाऊसमधलं स्वयंपाकघर

घर नाशिकला, पाथर्डी फाट्याच्या बाजूला. वीसेक वर्षांपूर्वीच्या रो-हाऊसच्या ओळीतलं शेवटचं, म्हणजे कोपऱ्याचं. दर्शनी बाजू दक्षिणेला, तिथे गाडी लागते. मागे उत्तरेला १२ फुटांचं परस. कोपरा मिळाल्यामुळे पश्चिमेलाही ५ फुटांची एक लांबट पट्टी हाती आलेली. तिच्यात फुटक्या कुंड्या, मोडकी सायकल आणि रंगाचे रिकामे डबे. स्वयंपाकघर वायव्येच्या कोपऱ्यात, साडेआठ फूट रुंद आणि ११ फूट लांब. घरात चौघं: निवृत्त काका-काकू, मुलगा आणि सून, दोघंही नोकरीवाले. शिवाय सकाळी तासभर पोळ्यांच्या मावशी.

ओट्याखालच्या प्लायला वाळवी लागली, दोन ट्रॉल्या रुळावरून उतरल्या आणि ‘करायचंच तर सगळंच नवीन करू’ असं घरात ठरलं. मॉड्युलर किचनवाल्याने संगणकावर चित्र काढून दिलं. चित्र देखणं होतं. इंग्रजी यू आकाराचा ओटा, उत्तरेचं मागचं दार बुजवून तिथे छतापर्यंतचं कपाट, शेजारी फ्रिज, पश्चिमेच्या खिडकीचा अर्धा भाग वरच्या कपाटांनी झाकलेला. त्याच सुमाराला काकांनी नर्सरीतून यादी आणली होती: मागच्या परसात टोमॅटो, कोबी, मेथी, पालक, एक लिंबू, एक शेवगा. एका कागदावर मागचं दार बंद होत होतं आणि दुसऱ्या कागदावर त्याच दाराबाहेर भाजीचे वाफे तयार होत होते. दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावरच पडलेले, पण शेजारी ठेवून कुणी पाहिले नव्हते.

मी घरांच्या आतल्या कामांचे आराखडे करते. हे प्रकरण माझ्याकडे आलं ते दारावरून अडलं म्हणून. काकूंना दार हवं होतं, सूनबाईंना साठवणीची जागा. दोघींचं म्हणणं रास्त होतं. ओट्याच्या मापांना हात घालण्याआधी मी परस बघायचं म्हटलं, कारण दार ठेवायचं की नाही हे दाराबाहेर काय होणार आहे त्यावर ठरतं.

सावलीचा हिशोब

डिसेंबर चालू होता आणि वेळ भर दुपारची. परसात उन्हाचा कवडसासुद्धा नव्हता. कंपाउंडच्या भिंतीच्या पायथ्याशी हिरवं शेवाळ, दोरीवरचे टॉवेल सकाळपासून ओलेच. काका म्हणाले, “पण उन्हाळ्यात इथे पाय भाजतात हो!” तेही खरंच होतं.

नाशिक २० अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. गच्चीच्या कठड्यासकट या घराची उंची २२ फूट. म्हणजे दुपारी त्याची सावली उत्तरेला जवळजवळ २१ फूट जाते. परस १२ फुटांचं. सावली ते ओलांडून मागच्यांच्या अंगणात पडते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी तीच सावली ८ फुटांची होते. २० मेच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि मग जुलैच्या तिसऱ्या आठवड्यानंतरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडेच राहतो. तेव्हा परसात घराची सावली अजिबात नसते.

या आकड्यांचा काकांच्या यादीवर परिणाम असा झाला: ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत मागच्या जमिनीला दुपारचं ऊन टेकतच नाही. मेथी, पालक, कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मटार यांचा हंगाम नेमका हाच. रोपं मरली नसती. लांब दांड्यांची, फिकट पानांची होऊन बसली असती आणि काकांनी दोष मातीला दिला असता. नंतर खताच्या गोण्या आल्या असत्या. परसबागेचे पैसे बहुतेक असेच जातात.

कोल्हापूरचे श्रीपाद अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार, म्हणजे स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचं जाळं, शेतीकडे आधी उन्हाचा हिशोब म्हणून पाहायला शिकवत. माणूस मूळचा गणिताचा, त्यामुळे ते साहजिक. शहरातल्या घराला तो धडा जास्त लागू पडतो, कारण शेतात निदान शेजारच्या इमारतीची सावली नसते.

मग उत्तरेच्या परसात लावायचं काय? तिथे जून ते सप्टेंबर ऊन-पाऊस दोन्ही मिळतात आणि थंडीत सावली, गारवा, ओल. हे वेळापत्रक हळदीला आणि आल्याला बरोबर बसतं. दोन्हींचे कंद मे-जूनमध्ये लावतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत काढतात. पानं वाढण्याचे महिने उन्हाचे. पानं पिवळी पडून कंद जून व्हायच्या वेळी सावली आली तरी बिघडत नाही. अळूला ओल हवी, अर्धी सावली चालते. पुदिन्याचंही तसंच, फक्त त्याला पसरू द्यायचं नसेल तर बुड फोडलेल्या बादलीत लावून बादलीच जमिनीत पुरायची. टोमॅटो, कोबी, मेथी आणि पालक यादीच्या या भागातून गेले. लिंबूही गेलं, त्याला निदान सहा तास ऊन लागतं. शेवगा मी स्पष्टच नको म्हटलं. त्याच्या फांद्या ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात मोडतात आणि मागच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती.

अळूबद्दल एक सावधगिरी तिथेच सांगितली. काकूंनी हौसेने डायफेनबाखिया आणि रंगीत शोभेच्या अळूच्या दोन कुंड्या त्याच कोपऱ्यात ठेवल्या होत्या. ही झाडं विषारी, पानं अळूसारखी दिसणारी; खायच्या अळूच्या वाफ्याशेजारी त्या कुंड्या ठेवू नयेत. काकू ओळखतात, पण पानं तोडायला दर वेळी त्याच जातील असं नाही. कुंड्या पुढच्या व्हरांड्यात गेल्या. वाफ्यात दोन भाग पडले: काळसर देठाचं वडीसाठी आणि हिरव्या देठाचं फतफत्यासाठी.

दार राहिलं

मागच्या दारातून दिवसभरात काय काय जातं-येतं याची यादी काकूंकडून तोंडी घेतली. ओला कचरा बाहेर, भाजी निवडल्यावरचे देठ बाहेर, भांडी घासणाऱ्या बाई आत आणि बाहेर, वाळत घातलेले कपडे, गॅसचा सिलिंडर, पुदिना, पापड-कुरडयांची ताटं. दार बुजलं की हे सगळं दिवाणखान्यातून जाणार. सिलिंडर सोफ्याजवळून गडगडत नेण्याचं चित्र डोळ्यापुढे आल्यावर सूनबाईंचा विरोध बराच मावळला.

पण तिची साठवणीची अडचण खोटी नव्हती. तोड निघाली ती समोरासमोरच्या दोन ओट्यांतून. पूर्वेच्या भिंतीला एक ओटा, पश्चिमेच्या खिडकीखाली दुसरा, प्रत्येकाची खोली २ फूट, मध्ये साडेचार फुटांची वाट आणि ती वाट सरळ मागच्या दारात. दोघींना पाठीला पाठ लावून काम करता येतं, मधून तिसरं माणूस जाऊ शकतं. यू आकारात कोपऱ्यातल्या दोन अंधाऱ्या जागा जातात. त्यांच्यासाठी महागडे फिरते कप्पे विकले जातात. समोरासमोरच्या ओट्यांना असे कोपरेच नसतात. फ्रिज दक्षिणेच्या भिंतीला, दिवाणखान्याकडून आत येताना लगेच. पाणी प्यायला येणाऱ्यांची ये-जा उंबऱ्याशीच संपते.

वर्षाच्या गव्हाची कोठी मात्र मॉड्युलरच्या चित्रात कुठेच नव्हती. काकू चैत्र-वैशाखात वर्षाचे गहू भरतात, डाळी करून ठेवतात, लोणच्याच्या बरण्या वेगळ्याच. चित्र काढणाऱ्याने महिन्याचा किराणा गृहीत धरला होता. कोठी जिन्याखाली गेली. ती जागा कोरडी, आतल्या बाजूची, ओलीपासून लांब. स्वयंपाकघरातली कोठीची जागा मोकळी झाली तिथे सूनबाईंचं उंच कपाट उभं राहिलं. दोन फूटच रुंद, पण राहिलं.

पूर्वेला तोंड आणि चिमणीचा पाइप

स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला हवं ही काकूंची अट. वास्तूवर माझा फार विश्वास नाही, पण घरातलं माणूस रोज तीस-चाळीस वर्षं ज्या दिशेला तोंड करून उभं राहिलंय ती दिशा बदलायला माझ्याकडे सबळ कारण लागतं, आणि इथे नव्हतं. अडचण वेगळी होती. पूर्वेची भिंत आतली, तिच्यापलीकडे जेवणाची खोली. चिमणीचा पाइप बाहेर काढायचा तर बाहेरची भिंत लागते. पाइप जितका लांब आणि वळणं जितकी जास्त, तितकी ओढ कमी. म्हणून शेगडी पूर्वेच्या ओट्याच्या उत्तर टोकाकडे आणली. पाइप तीन फूट सरळ जाऊन उत्तरेच्या भिंतीतून बाहेर, वळण एकच. दारापासून थोडं अंतर ठेवलं आणि दाराचा झोत ज्योतीवर येऊ नये म्हणून दाराची बिजागरी शेगडीच्या बाजूला घेतली, म्हणजे अर्धवट उघडं दार आडोसा करतं.

पाइपचा गॅस त्यांच्या गल्लीत तेव्हा आलेला नव्हता. सिलिंडर बाहेर परसात जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावा असं काकांच्या मनात होतं. बंगल्यांतून तसं करतातही. पण पिंजऱ्याला सोयीची म्हणून दाखवलेली जागा सांडपाण्याच्या चेंबरला लागून होती. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि खड्ड्यात, गटारात साचतो. चेंबरशेजारी सिलिंडर ठेवणं शहाणपणाचं नाही. तो पूर्वेच्या ओट्याखालीच राहिला, शेगडीच्या थेट खाली न ठेवता बाजूच्या खणात, आणि खणाच्या झडपेला अगदी तळाशी जाळी. झडपेच्या वरच्या भागातली नक्षीदार जाळी या कामाला निरुपयोगी. गॅस खाली बसतो, वाट खालीच हवी.

ओटा कुणाच्या उंचीचा

या प्रकरणात मला सर्वात जास्त रस इथे वाटला. मॉड्युलरवाल्याने ३४ इंच लिहिलं होतं. का, तर सगळीकडे तेवढाच करतात. काकू ४ फूट १० इंच, सूनबाई ५ फूट ५ इंच. हात कोपरातून काटकोनात वाकवला की कोपराच्या खाली चार ते सहा इंचांवर हात काम करायला हवेत, असा साधा ठोकताळा आहे. काकूंचा कोपर जमिनीपासून ३६ इंचांवर, सूनबाईंचा ४१ वर. एकीला ३१ इंच बरं पडणार, दुसरीला ३६.

घरातल्यांनी लगेच मधला आकडा काढला: साडेतेहतीस. मधला आकडा म्हणजे दोघींची कंबर थोडी थोडी दुखणार.

मी विचारलं, “पोळ्या कोण लाटतं?” दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. पोळ्या मावशी लाटतात. ओट्यापाशी सलग सर्वात जास्त वेळ उभं राहणारं माणूस तेच, आणि लाटताना खांद्यातून जोर लावावा लागतो तोही त्यांनाच. दुसऱ्या दिवशी मावशींना उभं करून टेप लावला. आधी त्या संकोचल्या, मग म्हणाल्या, “ताई, मी कुणाकडे पाटावर उभी राहून लाटते, कुणाकडे भांड्यांच्या क्रेटवर. कुणी मापलं नव्हतं आजवर.” त्यांचा कोपर ३७ इंचांवर.

आता शेगडीचं. साध्या शेगडीची वरची जाळी ओट्यापासून चार-साडेचार इंच वर असते. ३४ इंचांच्या ओट्यावर पातेल्याचा तळच साडेअडतीस इंचांवर जातो. पातेल्याचा काठ काकूंच्या खांद्याकडे सरकतो. आमटी ढवळताना कोपर वर उचलायचा आणि वाफ तोंडावर घ्यायची. म्हणून दोन ओटे दोन उंचींचे केले. पूर्वेचा, शेगडीचा आणि पोळ्यांचा, ३१ इंच. पश्चिमेचा, सिंकचा आणि चिरायचा, ३४ इंच. पोळपाटाची दीडेक इंच उंची धरून मावशींचे हात बरोबर जागी येतात. भाजी चिरणं आणि सिंकपाशी उभं राहणं बहुतेक सूनबाईंकडे, त्यांना ३४ थोडा खाली पडतो पण त्या जाड लाकडी फळीवर चिरतात. ३१ इंचांच्या ओट्याखाली सिलिंडर रेग्युलेटरसकट मावतो की नाही हे आधी मोजून पाहिलं. मावतो, पण बोटभरच जागा उरते. ग्रॅनाइटखालचा आधार जाड घेतला असता तर अडलं असतं.

गवंड्याला दोन उंची पटेनात. “लेव्हल बिघडल्यासारखी दिसंल,” म्हणाला. समोरासमोरचे ओटे वेगवेगळ्या भिंतींना आहेत, ते कधी एका रेषेत दिसतच नाहीत, हे खडूने भिंतींवर रेघा ओढून दाखवल्यावर तो तयार झाला.

साहित्याचं थोडक्यात सांगते. सिंकखाली प्लाय नको हे माझं ठाम मत आहे, दुकानदार कितीही ‘वॉटरप्रूफ’ म्हणो. तिथे कडाप्प्याच्या उभ्या फळ्या आणि ॲल्युमिनियमची झडप. बाकी ठिकाणी आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाचा, शिक्का असलेला प्लाय, आणि प्लाय बसवण्याआधी भिंतीच्या पायथ्याला वाळवीचं औषध. वाळवी जुन्या लाकडात होती ती जमिनीतून आलेली. नुसतं लाकूड बदलून ती थांबली नसती.

सिंकचं पाणी झाडांना नको

काकूंच्या माहेरी मोरीचं पाणी अळू-केळीला जायचं. इथेही तसंच करावं, सिंकचा पाइप सरळ वाफ्यात सोडावा असं त्यांना वाटत होतं. पूर्वी ते चालायचं कारण भांडी राखेने घासली जायची, अंगाला साबण कमी लागायचा. आजच्या भांड्यांच्या साबणात सोडियमचे क्षार असतात, वर तेलाचा तवंग. नाशिकची माती काळी, चिकण. सोडियम मुरलं की अशी माती आणखी चिकट होते, तिचे रवे मोडतात आणि पाण्याचा निचरा बसतो. वाफ्यात खरकट्याचा वास यायला लागला की घुशी आल्याच. रो-हाऊसच्या ओळीत एका घराने घूस बोलावली की ती सगळ्यांकडे जाते.

सूनबाईंनी इंटरनेटवर पाहून दुसरं छोटं सिंक सुचवलं: फक्त भाजी-तांदूळ धुण्याचं, त्याचं पाणी बागेला. कल्पना चांगली, पण त्या सिंकला वेगळा पाइप, वेगळा ट्रॅप, बाहेर जाळी, खडीचा खड्डा आणि ओट्याची दीड फूट लांबी. काकू तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आजही पातेल्यात काढून कढीपत्त्याला घालतातच. त्या सवयीसाठी एक घमेलं पुरतं. सिंक रद्द झालं, ओट्याची जागा वाचली. आरओमधून बाहेर पडणारं पाणी, जे एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर असतं, तेही रोज झाडांना घालू नये. त्यात क्षार एकवटलेले असतात. ते परसात एका ड्रममध्ये जमा होतं आणि फरशी पुसायला जातं.

ओला कचरा मात्र बागेचाच. चौघांच्या घरात दिवसाला अर्धा ते एक किलो निघतो. सावलीतल्या परसाचा इथे फायदा झाला: खताचा ड्रम उन्हात ठेवला की वरचा थर वाळतो, कुजणं थांबतं. मागच्या दारापासून चार पावलांवर, घराच्या भिंतीलगत विटांवर दोन भोकं पाडलेले ड्रम ठेवले. एक भरत असताना दुसरा मुरतो. जितका ओला कचरा तितक्याच आकारमानाचा सुका पाला, अधूनमधून आंबट ताक. आत पांढुरक्या जाड अळ्या दिसल्या तेव्हा सूनबाईंनी ड्रम फेकून द्यायचा बेत केला होता. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या, कचरा खातात, माणसाला काही करत नाहीत. खरी अडचण सुक्या पाल्याची असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉलनीत पाला पडतो आणि लोक तो जाळतात. काकांनी त्या दोन महिन्यांत शेजाऱ्यांकडून गोण्या भरून घेतल्या; वर्षभराची बेगमी झाली. घंटागाडीत आता सुका कचरा जातो आणि मासळी-मटणाचे अवशेष, जे ड्रममध्ये घालायचे नाहीत असं ठरलंय.

मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच तत्त्वावर बाग उभी केली: खाली शिजतं त्याचा कचरा वर जातो. ते उदाहरण सांगितल्यावर काकांना गच्ची खुणावू लागली, त्याबद्दल पुढे.

अडगळीची पट्टी

पश्चिमेच्या पट्टीकडे सगळ्यांनी पाठ फिरवली होती. थंडीत तिला दुपारी बारापासून चार-साडेचारपर्यंत ऊन मिळतं. फळभाजीला कमी, पण मेथी, पालक, कोथिंबीर, चाकवत, मुळा यांना पुरेसं. शिवाय ती स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे. कोथिंबिरीचा वाफा ओट्यापासून दहा पावलांत असला तर वापरला जातो. गच्चीवर असला तर फोडणी तडतडत असताना कुणी जिना चढत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पश्चिमेची भिंत दुपारभर तापून संध्याकाळच्या स्वयंपाकाला भट्टी होते. सूनबाई ऑफिसमधून येऊन नेमक्या तेव्हाच ओट्याशी उभ्या राहतात. खिडकीला पडदा आणि आतून एसी असे दोन पर्याय घरात चर्चेला होते. तिसरा वेलांचा: भिंतीपासून दीड फूट अंतर सोडून लोखंडी चौकट, तिच्यावर जाळी, जाळीवर दोडका, गिलकं, कारलं. भिंतीला चिकटून वेल चढवला तर ओल आणि मुंग्या आत येतात, आणि मधली हवा खेळत नाही.

इथे पेरणीची तारीख स्वयंपाकघराने ठरवली. काका पावसाळ्यात वेल लावणार होते. पण सावली हवी एप्रिलमध्ये, म्हणजे बी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला पडायला हवं. ते उन्हाळी हंगामाचंच वेळापत्रक आहे. वेल जाळीच्या माथ्याला पोचेपर्यंत पाडवा उलटतो. पालेभाजीचे वाफे तोवर संपत आलेले असतात, त्यामुळे सावली कुणाला लागत नाही. जूनमध्ये उन्हाळी वेल काढून पावसाळी लावायचे, दसऱ्यानंतर जाळी मोकळी करायची की पुन्हा मेथी.

कढीपत्ता पट्टीच्या उत्तर टोकाला, खिडकीच्या जरा बाजूला. त्याच्या मुळांतून फुटवे निघत राहतात, ते वेळच्या वेळी काढायचे, आणि दरवर्षी छाटून पाच फुटांवर ठेवायचा. लिंबू पट्टीत मावत नव्हतं. पाच फुटांच्या वाटेत कागदी लिंबाचे काटे म्हणजे रोज कुणीतरी ओरबाडणार. ते पुढे गेलं, अर्ध्या ड्रममध्ये. पण पुढेही कंपाउंडच्या भिंतीलगत नाही. दक्षिणेची ती भिंत ५ फुटांची, डिसेंबरात दुपारी तिची सावली आतल्या बाजूला पावणेपाच फूट येते. ‘पुढे ऊन आहे’ म्हणून लोक कुंड्या त्याच भिंतीच्या पायथ्याशी मांडतात. ऊन असतं ते चार-पाच फूट आत, घराच्या भिंतीला. ड्रम व्हरांड्याच्या पायरीशेजारी बसला, गाडीचं दार उघडेल इतकं अंतर मोजून.

गच्चीवर वाफे नकोत

काकांना गच्चीवर विटांचे फूटभर खोल वाफे बांधायचे होते. ओल्या मातीचा एक घनफूट पंचेचाळीस-पन्नास किलोंचा भरतो. फूटभर खोलीचा वाफा म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो. वापरातल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो वापरभार धरून आखतात. वीस वर्षं जुना स्लॅब, त्याचं वॉटरप्रूफिंग कधी केलं होतं ते कुणालाच आठवेना. यावर चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. पालापाचोळा, कोकोपीट आणि घरचं खत भरलेल्या हलक्या भाजीच्या क्रेट्स, त्याही कडेने, तुळयांच्या वर, विटांवर उचलून. टोमॅटो आणि वांगी तिथे. रोज न लागणाऱ्या भाज्या गच्चीवर, रोजच्या खाली.

वर्ष उलटल्यावर

हळद निघाली, घरच्यापुरती. ती उकडून वाळवायचा व्याप काकूंना झेपला नाही. अर्धी ओली हळद लोणच्यात गेली, उरलेली पुढच्या लावणीला. आलं साधारण. अळू इतकं आलं की शेजारी आता फतफत्याला कंटाळलेत. पावसाळ्यात ओल आणि खताचा ड्रम या दोन्हींमुळे परसात शंखी गोगलगायी झाल्या आणि पुदिना फस्त केला. त्यावर रात्री ओलं गोणपाट अंथरून सकाळी त्याखालच्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हे कंटाळवाणं काम काका करतात. मीठ वाफ्यात टाकायचं नाही, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

वेलांची सावली पहिल्या उन्हाळ्यात निम्मीच झाली, कारण दोडक्याचं बी उशिरा उगवलं. तरीही सूनबाईंच्या म्हणण्याप्रमाणे संध्याकाळी भिंतीला हात लावता येतो, आधी लावता येत नव्हता. एसीचा विषय मागे पडलाय, मिटलेला नाही. शेगडीकडचा खालचा ओटा मावशींना इतका मानवला की त्यांनी दुसऱ्या एका घरी तो बघायला माणसं पाठवली. सूनबाई मात्र तिथे दिवाळीचा फराळ करताना वाकून दमल्या. चकल्या पाडायला त्या आता पश्चिमेच्या ओट्यावर येतात.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. पश्चिमेच्या रस्त्यापलीकडचा मोकळा प्लॉट विकला गेल्याची चर्चा आहे. तिथे तीन मजले चढले तर पट्टीचं थंडीतलं दुपारचं ऊन तासा-दीड तासाने घटेल, आणि उन्हाळ्यातली भिंत आपोआप गार राहील. म्हणून वेलांची चौकट काँक्रीटमध्ये पुरलेली नाही, बोल्टवर उभी आहे. काकांनी दर्शनी व्हरांड्यापुढे तिची मापं आताच घेऊन ठेवली आहेत.